काहीच न मागणारा स्पॉन्सर

झुंबर आघावांच्या घरी दुधाची पिशवी आली की ती आधी काट्यावर चढायची आणि मग पातेल्यात उतरायची. गॅस सिलिंडर आणणाऱ्याला जिन्यातच वजन करून दाखवावं लागायचं. बोईसरला नवापूर रस्त्याच्या आतल्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली आणि स्वयंपाकघर, आणि एवढ्याशा घराच्या दाराला तीन कड्या. त्यांच्या बायकोला, रंभाबाईला, या कड्यांचं फार हसू यायचं. "चोर आत आला तर त्यालाच आपली दया येईल," ती म्हणायची, "म्हणेल, एवढं काय राखायलेत हे?" झुंबरकाका हसायचे नाहीत. चोर नेमका अशाच घरात शिरतो, असं ते गंभीरपणे सांगायचे.

माणूस उगाच असा होत नाही. काका मूळचे बीड जिल्ह्यातले, पाटोद्याकडचे. पंचविशीत पोटापाण्यासाठी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आले आणि कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर कोळसा टाकायला लागले. बॉयलर चालवायचा तर सरकारी परीक्षा पास होऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं. काकांना एक एजंट भेटला. परीक्षेची कटकट कशाला, मी कागद आणून देतो म्हणाला. रंभाबाईची मोहनमाळ मोडली, कागद आला, त्यावर गोल शिक्का आणि झोकदार सही. काकांनी त्याची फ्रेम करून भिंतीवर लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन वर्षं दाखवली. मग एक दिवस तपासणीला आलेल्या साहेबाने तो कागद मागवला, उजेडात धरला आणि अख्ख्या शिफ्टसमोर विचारलं, "हे कुठल्या बाजारात मिळालं?"

त्या दिवशी त्यांना जी लाज वाटली ती पुढे पस्तीस वर्षांत कमी झाली नाही. वर्षभर ते घरी होते. मग खरी परीक्षा दिली, पहिल्या फटक्यात पास झाले आणि पुढची अठ्ठावीस वर्षं एकाही अपघाताशिवाय बॉयलर चालवला. पण माणसावर विश्वास ठेवायचं काम त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं ते केलंच.

बॉयलरच्या कामात हा स्वभाव उपयोगी पडतो, हेही खरं. बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे ते दाखवायला पुढे एक काचेची नळी असते. ती पाहून नवा माणूस निश्चिंत होतो. पण नळीचा खालचा कॉक, म्हणजे तोटी, गाळाने तुंबला तर आत पाणी संपलं तरी नळीत मात्र ते निवांत उभं दिसतं. म्हणून दर शिफ्टला नळी रिकामी करायची आणि पाणी झटकन परत चढतं का ते बघायचं. काका नव्या पोरांना सांगायचे, "काच खोटं बोलती. तिला आधी खाली सांडव, मग इस्वास ठेव." हीच पद्धत त्यांनी दूधवाल्यापासून जावयाच्या स्थळांपर्यंत सगळ्यांना लावली, आणि म्हणून त्यांच्या मुलीचं, वर्षाराणीचं, लग्न अजून ठरायचं होतं.

निवृत्त झाल्यावर काकांनी एक चांगलं काम केलं. आपल्यासारखं कुणी एजंटाच्या तावडीत सापडू नये म्हणून परीक्षेला बसणाऱ्या अकरा जणांचा फोनवर ग्रुप काढला आणि रोज प्रश्न घालायला सुरुवात केली. अकराचे शंभर झाले, शंभरांचे हजार. ग्रुपमध्ये मावेना तेव्हा वर्षाराणीने त्याची रीतसर साईट बनवून दिली. ती पालघरजवळ कोळगावला जिल्हा कचेरीत कंत्राटावर संगणकाचं काम करायची. साईटचं नाव 'बॉयलर कट्टा'. पाच वर्षांत सहा हजार सभासद झाले, कोल्हापूरपासून चंद्रपूरपर्यंत. तोंडी परीक्षेत काय विचारतात, कुठला व्हॉल्व्ह कसा फसवतो, सगळं तिथे, आणि सगळं फुकट. आठ हजार प्रश्न आणि त्यांची उत्तरं. ज्या मुलांच्या घरात दहावीपुढे कुणी शिकलं नव्हतं ती त्यावर वाचून पास होत होती. काकांच्या आयुष्यात अभिमानाची अशी ही एकच गोष्ट होती.

फुकट म्हणजे वाचणाऱ्याला फुकट. साईट ज्या कंपनीच्या यंत्रांवर राहायची तिला दरवर्षी नोव्हेंबरअखेर फी जायची, आणि फोटो वाढत गेले तशी फीही वाढत गेली. वर्षाराणीने गेली दोन वर्षं आपल्या पगारातून ती भरली होती. या वर्षी तिने हात टेकले.

"अण्णा, एखादा स्पॉन्सर बघा," ती म्हणाली. "खाली त्याचं नाव लावू. सगळेच असं चालवतात."

"नाव लावायला पैसे देणारा माणूस नावावर थांबत नसतो," काका म्हणाले.

तरी स्पॉन्सर शोधायला लागलेच, आणि जे आले त्यांनी काकांचं म्हणणं खरं करून दाखवलं. पालघरचा एक क्लासवाला आला, त्याला सगळ्या सभासदांचे फोन नंबर हवे होते. एक उगवते पुढारी आले, त्यांना पहिल्याच पानावर हात जोडलेला फोटो हवा होता, वाढदिवसाला वेगळा. तिसरा समोर आलाच नाही. तो खोट्या नावाने कट्ट्यात शिरला आणि मुलांना गुपचूप 'परीक्षेशिवाय प्रमाणपत्र' विकायला लागला.

हा तिसरा काकांच्या वर्मी लागला. त्यांनी त्याला हाकललं आणि त्याच दिवशी नियम केला. यापुढे कट्ट्यावर लिहायचं तर खरं पूर्ण नाव, कंपनीचं नाव, बॉयलरचा नंबर, शिफ्ट आणि असला तर प्रमाणपत्राचा क्रमांक द्यायचा, आणि ते सगळं प्रत्येक प्रश्नाखाली दिसलं पाहिजे.

वर्षाराणीने विरोध केला. "अण्णा, कंपनीचं नाव नका दाखवू. निदान सभासदांपुरतं ठेवू, बाहेरच्याला दिसायला नको."

"झाकलं की संशय येतो. चोरालाच नाव लपवायचं असतं. उघडं राहू दे सगळ्यांना."

वडिलांशी वाद घालून जिंकल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने तसं करून दिलं.

मग सप्टेंबरात मेहुल आला. बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला त्याचं बॉयलरच्या सामानाचं दुकान होतं. गॅस्केट, काचेच्या नळ्या, कॉक, व्हॉल्व्ह. दुकान आजोबांच्या वेळेपासूनचं, त्यामुळे त्याच्या बोलण्यात गुजराती, हिंदी आणि मराठी एकाच ताटात वाढलेले असायचे.

"काका, या सालचा खर्च मी देतो," तो म्हणाला. "खाली एक लाईन लिहा, दुकानाचं नाव. नाय लिहिलं तरी चालेल."

"आणि तुला काय पायजे?"

"काय नको."

"काय नको कसं? धंदा करतूस ना?"

मेहुलने थोडा विचार केला. "तुमच्या कट्ट्यावरचा माणूस दुकानात येतो ना, तो बरोबर साईज सांगून पार्ट मागतो. दुसरा येतो तो बोलतो, ते गोल गोल असतं ते द्या. माझा अर्धा दिवस त्यात जातो."

कारण इतकं साधं होतं की काकांना ते पटलंच नाही. मागणारा माणूस निदान समोरून वार करतो, न मागणारा कुठून करेल ते कळत नाही, असं त्यांचं गणित. त्यांनी अकरा अटींचा कागद तयार केला. सभासदांचे नंबर मागायचे नाहीत, कट्ट्यावरचं बाहेर सांगायचं नाही, फोटो कुणाला दाखवायचे नाहीत, असं बरंच काही. मेहुलने काउंटरवर उभ्याउभ्या सही केली.

"वाचलंस का?"

"तुम्ही लिहिलंय ना, काका."

न वाचता सही केली, यावर काकांची झोप उडाली. पैसे आले होते, पण ते पुढे भरू नकोस, असं त्यांनी वर्षाराणीला बजावलं. नोव्हेंबरअखेरपर्यंत मुदत आहे, तोवर माणूस पारखून घेऊ. आणि पारखायला म्हणून ते रोज सकाळी दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायला लागले. आठवडाभर दुकानात कोण येतं, कोण जातं ते बघितलं. रंभाबाई म्हणाली, "आवं, रोज आंघोळ करून कुठं निघता? तिकडं दुसरं लगीन तर न्हाई ना ठरवायले?" काका चपला घालून निघाले. आठवड्यात संशय घेण्यासारखं काहीच दिसलं नव्हतं आणि त्यामुळे ते अधिकच बेचैन होते.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, दुपारी पावणेचारला, कट्ट्यावर देवू वरठाचा प्रश्न आला.

देवू हा काकांचा आवडता विद्यार्थी, पण ही गोष्ट काकांनी कधी कुणाला कळू दिली नव्हती. मनोरच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा वारली मुलगा. पावसावरच्या भाताच्या तुकड्यात चार महिने आणि उरलेले आठ महिने मिळेल त्या कामावर, असं त्याचं घर चालायचं. कारखान्यात तो बॉयलरला लाकडाचा भुसा टाकायला लागला आणि दोन वर्षं कट्ट्यावर प्रश्न विचारून विचारून दुसऱ्या वर्गाची परीक्षा पास झाला. पास झाल्यावर काकांना भेटायला आला तो नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाची पिशवी घेऊन. काकांनी आधी पिठाचा वास घेतला आणि "हे कशाबद्दल?" म्हणून विचारलं. देवू म्हणाला, "भाकरीबद्दल," आणि रंभाबाई पदर तोंडाला लावून हसली.

त्या दुपारच्या प्रश्नासोबत काचेच्या नळीचा फोटो होता. देवूने लिहिलं होतं: 'नळी सांडवली. पाणी परत चढत नाय. सुपरवायझर बोलतो, कापड मशीनवर हाय, शिफ्ट संपू दे. काय करू?'

काकांनी वाचताच लिहिलं: 'आग काढ. पाण्याचा पंप लावू नको, तापलेल्यात गार पाणी गेलं तर फुटेल. बॉयलर बंद कर. आत्ता.'

देवूने बंद केला. चौथ्या दिवशी त्याला कंत्राटदाराने सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस.

ही बातमी देवूने नाही, कैलासने आणली. कैलास त्याच कारखान्यात रात्रपाळीला होता आणि काकांच्याच गावाकडचा. "मॅनेजरच्या हातात कागद व्हता, काका," तो म्हणाला. "तुमच्या कट्ट्यावरला फोटो, देवूचं नाव, शिफ्ट, समदं छापलेलं. कारखान्याची बदनामी केली म्हणून काढला त्याला. आन् एक सांगू का? दोन दिस आधी मेहुलभाईची स्कूटर गेटवर व्हती. माझ्या डोळ्यांनी बघितली."

काकांना वाईट वाटलं आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगा, बरंही वाटलं. दोन महिने ज्याची वाट पाहिली ते शेवटी सापडलं होतं. तो अकरा अटींचा कागद त्यांनी काढला आणि 'कट्ट्यावरचं बाहेर सांगायचं नाही' या पाचव्या अटीवर बोट ठेवून रंभाबाईला वाचून दाखवला. कारखान्याला सामान विकणारा माणूस, त्यानेच मॅनेजरला खूश करायला देवूचा बळी दिला. यात आता पारखायचं काय राहिलं?

रंभाबाई म्हणाली, "त्याला एकदा इचारा तरी."

"चोर कधी हो म्हणतो का?"

त्यांनी कट्ट्यावर लिहिलं: 'आपल्यात एक फितूर बसला होता आणि तो आपल्याच खर्चाचा धनी झाला होता. मेहुलचं नाव काढून टाकत आहे. ज्याने देवूच्या पोटावर पाय दिला त्याच्या दुकानाची पायरी कुणी चढू नये.' मेहुलचे पैसे त्याच दिवशी परत पाठवले. खाली दोनशेवर लोकांनी मेहुलला शिव्या घातल्या. मेहुलने एक ओळ लिहिली, 'काका, मी गेलो होतो, पण यासाठी नाही,' आणि काकांनी त्याचं खातं बंद केलं.

वर्षाराणी संध्याकाळी कचेरीतून आली तेव्हा तिने सगळं वाचलं होतं. ती चिडली नाही, तिने फक्त तारीख सांगितली. "तीस नोव्हेंबरला फी नाही भरली तर साईट पुसली जाते, अण्णा. आठ हजार उत्तरं. ती परत मिळत नाहीत. माझ्याकडे या वर्षी खरंच नाहीत."

काका म्हणाले बघू. मनात म्हणाले, पुसली तर पुसली, पण फितुराच्या पैशावर नको. पण दिवस जायला लागले तसं त्यांना हे मनातलं वाक्य स्वतःला परतपरत सांगावं लागलं. नवा स्पॉन्सर येईना. आला असता तर त्यालाही त्यांनी हाकललं असतं, हे रंभाबाईला ठाऊक होतं.

नोव्हेंबरच्या मध्याला काका त्या कारखान्यात गेले. मेहुलविरुद्ध पक्का पुरावा हवा होता, म्हणजे निदान मनाला शांती मिळाली असती. मॅनेजर तरुण होता, बोलायला गोड.

"तो कागद तुम्हाला कोणी आणून दिला, एवढंच सांगा," काका म्हणाले.

"आणून कशाला द्यायला पाहिजे?" मॅनेजरने आपला कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. कारखान्याचं नाव टाकलं आणि बटण दाबलं. पहिलीच ओळ बॉयलर कट्ट्याची आली. कारखान्याचं नाव, बॉयलरचा नंबर, दुपारची शिफ्ट, देवू वरठा. "आमच्या मोठ्या ऑफिसमधल्या बाईंनी सहज शोधलं आणि हे वर आलं. तुम्हीच सगळं नीट लिहून ठेवलंय, साहेब. आम्हाला काही शोधावंच लागलं नाही."

काकांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी विचारलं, "आणि मेहुल? तो आला होता ना इथं?"

"आला होता की. तुमच्या साईटवर तो फोटो पाहून आला. नळी बदला, कॉक बदला, माणसं मरतील, म्हणून माझ्याशी अर्धा तास भांडला. त्याच्याकडून आम्ही आता सामान घेत नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं. पण कळसा सापडल्यावर माणूस निदान सुटकेचा श्वास टाकतो. काका गेटबाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला पडलेल्या सिमेंटच्या पाइपावर बसले. एजंटाला घाबरून त्यांनी जो नियम केला होता त्याच नियमाने देवूची नोकरी खाल्ली होती. त्यांना कोणी फसवलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच शिवी द्यायला समोर कोणी नव्हतं.

तिथूनच त्यांनी वर्षाराणीला फोन केला. सगळ्या कंपन्यांची नावं आत्ताच्या आत्ता झाक म्हणाले. ती 'मी सांगितलं होतं' म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. ती "बरं, अण्णा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेहुलच्या दुकानात गेले. टपरीवाल्याने ओळखीने मान हलवली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मेहुलने त्यांना बसा म्हटलं नाही.

काकांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, मॅनेजरचा कॉम्प्युटर, नियम, आपण वर्षाराणीचं ऐकलं नाही तेही. "चूक माझी झाली," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून शेवटचं कधी निघालं होतं ते रंभाबाईलाही सांगता आलं नसतं.

मेहुल नळ्यांच्या पेटीतला भुसा नीट करत होता. "तीन कंपनीचे लोक येत नाय आता," तो म्हणाला. "माझं काय, ते येतील परत. पन काका, एक बार तरी विचारायचं होतं. मी दुकानातच बसलो होतो रोज. तुम्ही पन समोरच बसले होते."

काकांनी बाहेर टपरीकडे पाहिलं. मेहुलने पेटी बंद केली.

"पैसे तय्यार हाय. पन मला नका मागू. ज्याची नोकरी गेली त्याला विचारा, कट्टा ठेवायचा की बंद करायचा. देवू हां बोलला तर त्याच दिवशी देतो. ना बोलला तर नाय."

मनोरहून पुढे काका जीपने गेले आणि मग अर्धा तास चालले. पाड्यावर भाताची झोडणी चालली होती. देवूच्या खळ्यावर भारे रचलेले, आणि तो व त्याची बायको तानी दोघं लाकडी फळीवर पेंढ्या आपटत होते. काकांना पाहून देवू थांबला. तानीने तांब्याभर पाणी आणून दिलं आणि ती पुन्हा कामाला लागली.

काकांनी इथेही सगळं सांगितलं. वाटेत मनात जुळवलेलं बरंच विसरले. देवू खाली बघून ऐकत होता.

"मला ठाव हाय," शेवटी तो म्हणाला. "त्या कागदाच्या खाली कट्ट्याचा नाव छापलेला होता. मेहुलभाईचा कायच नव्हता त्यात."

"मग तू बोलला का न्हाईस? मी त्याला सगळ्यांसमोर फितूर म्हणलो."

देवूने हातातली पेंढी खाली ठेवली. "मला वाटला, कागद तुमीच दिला."

"मी?"

"कंपनीकडून काय तरी घेतला असंल, असा वाटला. आन् ते झाकायला मेहुलभाईचा नाव पुढे केला. नायतर इचारल्याबिगर त्याला कशाला काढाल? तुमीच तर शिकवला ना, काका. कोणाच्या बोलण्यावर भरवसा ठेवायचा नाय."

"मी बोलली याला," तानी हात न थांबवता म्हणाली, "म्हातारा वाकडा हाय, पन तसा नाय. ह्यो ऐकलाच नाय."

काकांचा हात खिशाकडे गेला. तिथे अकरा अटींचा कागद होता, चष्मा होता, परतीच्या भाड्याचे सुटे पैसे होते. आपण विकलो गेलो नाही हे दाखवायला त्यात काही नव्हतं. कुठेच काही नव्हतं. ते जगभरच्या माणसांना इतकी वर्षं हेच मागत आले होते, दाखव, सिद्ध कर, आणि आता त्यांना कळलं की खऱ्या माणसाकडे दाखवायला बहुतेक काही नसतं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"मी काय घेतलं न्हाई, देवू," ते म्हणाले. "याच्यापेक्षा जास्त मला सांगता येत न्हाई."

देवूने खाली ठेवलेली पेंढी उचलून भाऱ्यावर टाकली.

"मेहुल म्हणतो, तू सांगशील तसं," काका म्हणाले. "कट्टा ठेवायचा का बंद करायचा. तीस तारखेला पुसला जाईल. तू बंद म्हणलास तर बंद."

"आधी तुमी लिवा," देवू म्हणाला. "मेहुलभाईला जिथं शिव्या दिल्यात तिथंच लिवा. मग मी बोलतो."

खळ्याच्या वरच्या कोपऱ्यात फोनला रेंज होती. काका तिथे भाऱ्यावर बसले आणि एका बोटाने लिहायला लागले. वेळ लागला. मेहुल निर्दोष आहे. देवूची नोकरी माझ्या नियमाने गेली. मुलीने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मी दोघांची माफी मागतो. लिहून झाल्यावर त्यांनी फोन देवूपुढे धरला. देवूने दोनदा वाचलं आणि 'पाठवा' म्हणाला.

पहिलं उत्तर दोन मिनिटांत आलं. नांदेडकडचा कुणी सभासद होता, काकांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. त्याने लिहिलं होतं: 'आता एकदम मेहुल चांगला झाला? काका, कंपनीने किती दिले?' त्याखाली तिघांनी अंगठा लावला.

असल्या माणसाला काका एरवी मिनिटभरात बाहेर काढायचे. त्यांचं बोट त्याच्या नावावर गेलंही. मग त्यांनी ते उचललं आणि फोन मांडीवर ठेवला. समोर तानी पेंढ्या आपटत होती आणि भात फळीवरून उडत होतं. काकांना वाटलं, आता हे असंच राहणार. मरेपर्यंत कोणी ना कोणी हे विचारणार आणि आपण काहीही म्हटलं तरी त्याला पटणार नाही.

फोन पुन्हा वाजला. त्यांना बघावंसं वाटेना. तानी म्हणाली, "बघा की, काय हाय ते," म्हणून त्यांनी चष्मा लावला.

'काय दिला नाय. मी इचारला त्यांना, आता माझ्या खळ्यावर बसलेत. कट्टा बंद करू नका, माझा धाकटा भाव अजून शिकतोय. मेहुलभाईला सांगा मी हो बोललो. देवू वरठा.'

काकांनी वर पाहिलं. देवू त्यांच्यापासून चार पावलांवर उभा होता, फोन खिशात घालत होता. एवढ्या जवळून त्याने तोंडाने म्हटलं असतं तरी त्यांना ऐकू गेलं असतं, पण तो सहा हजार माणसांसमोर बोलला होता. झुंबरकाकांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.